तोतारामचा वाटा

अभिमनच्या पायात खिळा घुसला तेव्हा तो रावेरहून ट्रकमध्ये केळी भरून धुळ्याला निघाला होता. यावल गेलं, चोपडा गेलं, क्लच दाबणारा पाय खाली-वर होत राहिला आणि खिळा चपलेतून तळव्यात रुतत गेला. अमळनेरला चहाला उतरला तेव्हा टपरीवाला म्हणाला, "भाऊ, तुना पायले रगत शे." अभिमननं खाली पाहिलं. चप्पल भिजून लाल झाली होती. त्यानं खिळा हातानं उपटला, गटारीत टाकला, चहा प्यायला आणि गाडी धुळ्याला नेऊन खाली केली. दुखलं नाही म्हणून घरी सांगितलंही नाही. पुढं पाय काळवंडला, खोलीत वास सुटला, तेव्हा धुळ्याच्या इस्पितळात त्याची दोन बोटं कापावी लागली.

त्याची थोरली बहीण दिपमाला एसटीत कंडक्टर होती. जळगाव-धुळे ही तिची नेहमीची गाडी. गाडी धुळ्याच्या स्टँडला लागली की परतीची वेळ होईपर्यंत ती खाकी गणवेशातच वॉर्डात यायची आणि भावाच्या खाटेशी उभी राहायची. बसत नसे. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला बसल्यावर पुन्हा उठणं जड जातं, असं ती म्हणायची.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"नाही," ती म्हणाली.

हे उत्तर तिला शोधावं लागलं नाही. लहानपणापासून ते तिच्या जिभेवर तयार होतं. लग्नाच्या बैठकीत तिनं ते दिलं होतं, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत दिलं होतं, जळगावच्या शेजारणींना दिलं होतं.

डॉक्टरांनी अभिमनच्या कातडीचा तुकडा तपासला, नसेचा तुकडा तपासला. मग दिपमालाला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या मनात जे असेल ते काढून टाका. हा महारोग नाही. जंतू नाहीत, चट्टे नाहीत, काही नाही."

जीव भांड्यात पडावा असं ते वाक्य होतं. दिपमालानं मान हलवली, तिकिटाचं मशीन खांद्याला लावलं आणि स्टँडकडे चालू लागली. मुकटीच्या पुढं एका बाईनं तिला दोनदा विचारलं, "ताई, पारोळा उनं का?" दोन्ही वेळा तिला ऐकू आलं नाही.

पुढच्या फेरीला अभिमनच्या खाटेशेजारी स्टुलावर एक तरुण बाई बसलेली दिसली. डॉ. प्रज्ञा बैसाणे. मूळची धुळ्याचीच, आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जनुकांवर काम करणारी. तिनं अभिमनला डोळे मिटायला लावले होते आणि ती हळूहळू टाचणी टोचत पायावरून वर सरकत होती.

"आता कळतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

घोटा गेला, पोटरी गेली. गुडघ्याच्या जरा खाली अभिमन म्हणाला, "हां, काहीतरी लागलं." डॉक्टरबाईंनी तिथं पेनानं रेघ ओढली. दिपमाला त्या रेघेकडे बघत राहिली. रेघेच्या खालचा पाय भावाचा होता आणि त्याचा नव्हताही.

बाहेर व्हरांड्यात डॉ. प्रज्ञांनी तोच प्रश्न विचारला. दिपमालानं तोंड उघडलं. "नाही" म्हणायचं होतं. निघालं ते असं, "माझे वडील."

मग तिनं सांगितलं. एखाद्या तिऱ्हाइताची हकीगत सांगावी तसं, थोडक्यात.

तोताराम एरंडोलजवळच्या, पद्मालयाच्या वाटेवरच्या गावातला शेतकरी. उंचापुरा, नांगराला बैल जुंपताना गाणं म्हणणारा. दर चतुर्थीला अनवाणी पद्मालयाच्या गणपतीला जायचा आणि परतल्यावर पायातले काटे बायको काढायची. तिलाच नवल वाटायचं, की एवढा लांब काटा मोडलेला आणि या माणसाला पत्ता नाही. तिशी ओलांडली तशा जखमा भरेनाशा झाल्या. तालुक्याच्या एका डॉक्टरानं खुर्चीवरून न उठता पाय पाहिला, रुमाल नाकाला लावला आणि रोगाचं नाव सांगितलं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी गुण आला नाही, पण नाव मात्र गावभर झालं. न्हाव्यानं दाढी करणं बंद केलं. पिठाच्या गिरणीत त्यांचा डबा सगळ्यात शेवटी दळला जाऊ लागला, पुढं तोही परत येऊ लागला.

दिपमालाची आई प्रमिलाबाई तेव्हा तिशीच्या आत, पदरात दोन लेकरं. भावकीतल्या बायाबापड्यांनी तिला बसवून सांगितलं, नवरा तर गेलाच, आता पोरं तरी वाचव. तिनं नवऱ्यासाठी शेतात झोपडं घातलं. ताट वेगळं, पाण्याचा गडवा वेगळा. भाकरी न्यायचं काम दिपमालाचं. बांधावरच्या दगडावर फडकं सोडून ठेवायचं आणि मागं सरायचं. ती मागं सरली की तोताराम झोपडीतून यायचा, दगडाजवळ बसायचा आणि लांबूनच म्हणायचा, "पाढा म्हण बरं." तिनं एकोणीसपर्यंतचे पाढे असे शेताच्या बांधावर म्हटले. अशी वर्षं गेली. एका उन्हाळ्यात जखमेचा ताप डोक्यात गेला आणि तो झोपडीतच मेला. शेतातच जाळला. ज्यांनी उचलला त्यांनी हातांना फडकी गुंडाळली होती.

तोतारामचा धाकटा भाऊ निंबा धुळ्याच्या सूतगिरणीत होता. तो आला, रस्त्यावरच्या लिंबाखाली उभा राहिला आणि चिता विझायच्या आत निघून गेला. धुळ्यात त्यानं सांगितलं, भावाला पान लागलं, साप चावून गेला. त्यानंतर दोन घरांत येणं-जाणं उरलं नाही. इकडे घरातही तोतारामचं नाव कुणी काढलं नाही. प्रमिलाबाईनं कुंकू पुसलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

डॉ. प्रज्ञांनी ऐकून घेतलं. "वाईट वाटलं" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. एका कागदावर त्यांनी चौकोन आणि गोल काढले, चौकोन पुरुषांचे, गोल बायकांचे. अभिमनचा चौकोन काळा केला. तोतारामचाही काळा केला, वर एक तिरपी रेघ मारली.

"ही रेघ कसली?"

"हयात नाहीत म्हणून."

मग त्यांनी समजावून सांगितलं. "अभिमनभाऊंचे जनुक आम्ही वाचून पाहिले. संशय घ्यावा असे बदल बरेच सापडले. तुमच्या-माझ्या अंगातही सापडतील. त्यातला नेमका कोणता पाय बधिर करतो, हे एकट्या माणसावरून सांगता येत नाही. त्याला अख्खं घराणं लागतं."

"म्हणजे?"

"आई-बापाकडून पोराला जे येतं ते सुटं सुटं येत नाही, लांब लांब पट्ट्यांनी येतं. पट्टीवर जे एकमेकांच्या शेजारी असतं ते बहुतेक वेळा एकत्रच पुढच्या पिढीत जातं. रोगाचा जनुक आम्हाला अजून दिसत नाही, पण त्याच्या शेजारच्या खुणा दिसतात. घरातल्या सगळ्या आजारी माणसांत एकच पट्टी सापडली आणि वय होऊनही धडधाकट राहिलेल्यांत ती नसली, तर रोग त्या पट्टीतच बसलेला. मग तेवढ्याच जागेत शोधायचं. शेजार सापडला की घर सापडतं."

दिपमालाच्या गाडीत रोज अशी माणसं असत. वेगवेगळ्या सीटवर बसलेली, पण एकाच गावाला चढलेली आणि एकाच गावाला उतरणारी. कोण कुणाचं हे विचारावं लागत नसे. तिला डॉक्टरबाईंचं म्हणणं कळलं.

"किती माणसं लागतील?"

"मिळतील तितकी. आणि फक्त आजारी नकोत. चांगली असतील त्यांचीही तेवढीच गरज आहे."

पारोळ्याची केसरबाई आत्या, म्हणजे तोतारामची मोठी बहीण, लगेच तयार झाली. सत्तरी उलटली तरी ती अनवाणी तुरीच्या शेतातून फिरत होती आणि बारीक खडा रुतला तरी शिवी हासडत होती. "रक्त ले वं माय," ती म्हणाली, "पण मना सुनासले काही सांगू नको."

राहिला निंबा.

धुळ्याच्या देवपुरात त्याचं दोन खोल्यांचं पक्कं घर होतं. दिपमालानं दार वाजवलं तेव्हा त्यानं ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर ओळखलं आणि तो दारातच उभा राहिला.

"कसाले उनी तू?"

"बसू तरी द्या, नाना."

तो बाजूला झाला. घरात, फरशीवर, भर दुपारी त्याच्या पायात मोजे आणि वर बूट होते. दिपमालानं ते पाहिलं आणि नजर भिंतीकडे वळवली. निंबाची मुलगी सुलक्षणा चहा घेऊन आली. तिशीतली, शाळेत शिक्षिका, लग्न न झालेली. का झालं नाही ते कुणी बोलत नव्हतं. चहाचा कप इतका गरम होता की दिपमालानं तो पदरानं धरला. सुलक्षणानं दुसरा कप नुसत्या बोटांनी धरून बापापुढं केला.

दिपमालानं अभिमनचं सांगितलं. तपासणीचं सांगितलं. हा रोग घराण्यातून येतो, लागत नाही, त्यासाठी सगळ्यांचं रक्त पाहिजे, हेही सांगितलं.

"मना घरमा कोणले काही नही," निंबा म्हणाला.

"नाना, तुमच्या पायात बूट आहेत."

"मना घर शे. मी बूट घालसू नही तर डोकावर ठेवसू."

भिंतीवरचा पंखा खडखडत होता. दिपमाला उठली. निंबानं तिला पुन्हा ये म्हटलं नाही.

ती कोपऱ्यापर्यंत गेली असेल, मागून सुलक्षणा आली. चालताना तिचा उजवा पाय जरा ओढत होता.

"ताई, मला आधी सांगा," ती म्हणाली, "मोठ्या काकांना साप चावला नव्हता ना?"

"नाही."

"मला वाटलंच होतं. बाबा रोज रात्री दार लावून पाय धुतात. मला तीन वर्षांपासून मुंग्या येत होत्या, आता त्याही येत नाहीत. मागच्या महिन्यात फळ्यापाशी उभी होते, मुलींनी सांगितलं, बाई, तुमच्या चपलेत काच आहे. मी दवाखान्यात जात नाही. गेले तर ते नाव ऐकावं लागेल, म्हणून जात नाही."

"ते नाव नाही."

"खात्री आहे?"

"अभिमनच्या बाबतीत तपासून पाहिलंय. ते नाही."

सुलक्षणा रस्त्याच्या कडेला उभी राहिली. रडेल असं दिपमालाला वाटलं, पण ती रडली नाही. "कधी यायचं रक्त द्यायला?" एवढंच विचारलं.

रक्त घ्यायचं ठरलं ते गावच्या घरी, प्रमिलाबाईच्या ओट्यावर. डॉ. प्रज्ञा दोन सहकारी घेऊन आल्या. केसरबाई आपल्या मुलांना घेऊन आली, नातवंडांना म्हणाली आपण सगळे पद्मालयाला चाललोय, आणि येताना खरंच दर्शन करून आली. समोरच्या घरातल्या बाया आपापल्या ओट्यावर गहू निवडायला बसल्या, पण गहू कुणीच निवडत नव्हतं.

उन्हं वर आली तशी एक रिक्षा येऊन थांबली. आधी सुलक्षणा उतरली, मग निंबा. प्रमिलाबाईनं डोक्यावरून पदर घेतला. निंबा ओट्याच्या खालीच थांबला.

"वहिनी," तो म्हणाला, आणि ओट्याच्या कडेवर हात टेकला. मग विचारलं, "भाऊले ते नव्हतं म्हनतस. खरं शे का?"

"माले काय माहीत," प्रमिलाबाई म्हणाली. "डॉक्टरीनबाईले इचार. बैस."

तो ओट्यावर टेकला आणि तिथंच, समोरच्या सगळ्या बायांच्या देखत, बूट काढू लागला. एका बुटातून रुईचा बोळा निघाला, पिवळा पडलेला. पुढची बोटं नव्हतीच. प्रमिलाबाईनं पाहिलं. समोरच्या एका बाईनं सूप उचललं आणि ती आत गेली. डॉ. प्रज्ञा खाली बसल्या, त्यांनी निंबाचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि टाचणीनं सुरुवात केली. प्रमिलाबाईची नजर त्या मांडीवरून हलेना.

सगळ्यांचं रक्त घेऊन झालं. डॉ. प्रज्ञा प्रमिलाबाईजवळ आल्या.

"आजी, आता तुमचं."

"मनं कसाले? मी तर लग्न करीसन उनी या घरमा. मना माहेरमा हाई नही."

"तुमचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. आजोबा नाहीत. गेलेल्या माणसाचं रक्त कुठून आणणार? पण दिपमालाताई आणि अभिमनभाऊंच्या अंगात अर्धं तुमचं आहे, अर्धं त्यांचं. तुमचं काय ते कळलं की ते बाजूला काढायचं. उरतं ते आजोबांचं. तुमच्यामुळे ते आम्हाला सापडतील."

प्रमिलाबाईला हे कितपत समजलं कोण जाणे. तिनं दिपमालाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हन्जे त्यासना वाटा अजून शे."

"आहे ना. दोन्ही मुलांत आहे."

तिनं हात पुढं केला. सुई गेली तेव्हा तिचा चेहरा हलला नाही. दिपमालाला क्षणभर भीती वाटली, आईलाही लागत नाही की काय. पण मग म्हातारी हळूच "आई गं" म्हणाली.

पुढचे महिने नुसते गेले. दिपमाला ड्यूटीवर जात होती, तिकिटं फाडत होती, "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत होती. नवऱ्याला, भूपेंद्रला, तिनं सगळं सांगून टाकलं होतं. तो डेपोतच मेकॅनिक. त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "आपल्या पोराला?" ती म्हणाली, "मला असलं तर त्याला निम्मी शक्यता. मला नसलं तर नाही." त्यानं पुन्हा पाना उचलला. त्यानंतर तो तिच्या पायांकडे बघायचा, ती बघत नसताना. तीही बघायची. न्हाणीत गेली की टाच दगडावर घासायची आणि दुखलं की आणखी घासायची. दुखणं खरं की मनाचं, हे तिला कळेनासं झालं होतं. एकदा तर पारोळ्याला गाडीच्या पायरीवर घोटा आपटला, ती कळवळली आणि ड्रायव्हर म्हणाला, "लागलं का?" ती म्हणाली, "लागलं," आणि तिनं घंटी दिली. जाता-येता एरंडोलच्या पुढं, रस्त्यावरून लांब, बापाचं शेत दिसायचं. तिथं आता कपाशी होती.

अभिमनचा पाय कसाबसा भरून आला. त्याला गाडी चालवायला मनाई झाली. गाडी विकून तो गावी आला. आईनं त्याची खाट ओसरीत टाकली, आत नाही. कुणी काही म्हटलं नाही. अभिमननंही नाही. आई भाकरी आणून खाटेजवळच्या पाटावर ठेवायची आणि मागं सरायची. दिपमालानं एकदा सुट्टीच्या दिवशी ते पाहिलं आणि ती उलट्या पावली निघाली. एरंडोलच्या स्टँडवर येऊन, मिळेल त्या गाडीत बसली.

निकाल सांगायला डॉ. प्रज्ञा स्वतः गावी आल्या. त्या दिवशी निंबा आणि सुलक्षणाही आले होते. सगळे ओसरीत बसले.

"पट्टी सापडली," त्या म्हणाल्या. "अभिमनभाऊ, निंबानाना, सुलक्षणा, तिघांत तीच. केसरबाईंत नाही, त्यांच्या मुलांत नाही. आणि आजोबांच्या वाट्यात ती होती, हे आजींच्या रक्तामुळं कळलं. त्या पट्टीत एका जनुकात बदल आहे. नसांचं खाद्य बिघडतं, लांबच्या नसा आधी मरतात, म्हणून पाय. आजोबांना हाच रोग होता. दुसरा कुठलाही नाही."

निंबानं विचारलं, "औषध?"

"मुळावर घाव घालणारं नाही. एक भुकटी आहे, तिनं काहींचं बिघडणं जरा हळू होतं असं दिसतंय. मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण पाय वाचवता येतात. रोज तळवे पाहायचे, नीट बूट वापरायचे, जखम लहान असतानाच धरायची. तुमची पुढची बोटं त्यामुळं वाचली असती."

निंबानं मान हलवली, जशी बाजारभाव ऐकून हलवतात तशी. सुलक्षणानं बॅगेतून पेन काढलं, पण लिहिलं काहीच नाही.

"दिपमालाताई, तुमचा निकाल तुम्हाला हवा तरच सांगेन. एकटीला सांगेन."

"इथंच सांगा."

"तुमच्यात ती पट्टी नाही. तुम्हाला वडिलांची दुसरी बाजू आली. तुमच्या मुलालाही काही नाही."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आनंद व्हायला हवा होता. तिनं वाट पाहिली, पण आतून काहीच आलं नाही. एकाच बापाचे दोन वाटे झाले होते, एक तिला आला, एक अभिमनला. अभिमन हसला आणि म्हणाला, "बरं झालं, अक्का." ते तो मनापासून म्हणाला, आणि तेच तिला ऐकवेना. ती उठून माठाकडे गेली आणि तहान नसताना पाणी प्यायली.

तोवर भिंतीला टेकून बसलेली प्रमिलाबाई पहिल्यांदा बोलली.

"बाई, त्यासले हात लावता तर चालतं?"

डॉ. प्रज्ञांना लगेच कळलं नाही. सुलक्षणा म्हणाली, "काकू विचारतायत, मोठ्या काकांना तेव्हा शिवलं असतं तर चाललं असतं का."

खोटं बोलायची एक जागा तिथं होती. डॉ. प्रज्ञा म्हणाल्या, "हो आजी. चाललं असतं."

"जवळ बसता तर?"

"तरीही. आणि एक खरं सांगते, तो दुसरा रोग असता ना, तरी चाललं असतं. त्याचंही औषध होतं, आणि शिवल्यानं तो असा लागत नाही. तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही."

प्रमिलाबाईनं पदराचं टोक घेतलं. डोळ्यांना लावलं नाही, नुसतं बोटांत गुंडाळत राहिली. "तो पाढा इचारे," ती म्हणाली. "पोरले पाढा इचारे आनि मी आठे घरमा बशीसन ऐकू. वारा तथून ये ना, ऐकू ये." निंबानं मान खाली घातली होती. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला आणि आवाज विरेपर्यंत सगळे त्याच्याकडेच लक्ष असल्यासारखे बसले.

डॉ. प्रज्ञांनी जायच्या आधी तळवे कसे बघायचे ते दाखवलं. उजेडात बसायचं, बोटांच्या बेचक्या उघडून बघायच्या, हात फिरवून कुठं गरम लागतं का पाहायचं, कारण ज्याचा पाय त्याला कळत नाही, बघणाऱ्याला कळतं. सुलक्षणानं बापाला गाडीत बसवलं. मी आणि बाबा एकमेकांचे पाय बघत जाऊ, असं ती दिपमालाला म्हणाली. पुढल्या वर्षी निंबाचा एक पाय घोट्यातून काढावा लागला, तरी त्याचा दुसरा तिनं जपला. ती स्वतः शाळेत बूट घालून जाऊ लागली आणि कुणी विचारलं तर रोगाचं खरं नाव सांगू लागली, ते लांबलचक इंग्रजी नाव, एका श्वासात.

पण ते पुढचं. त्या दिवशी सगळे गेल्यावर ओसरीत तिघंच उरली. दिपमालाला संध्याकाळची गाडी होती. अभिमन खाटेवर बसून बाहेर बघत होता. प्रमिलाबाई आत गेली, पितळी परातीत पाणी घेऊन आली आणि खाटेजवळ खाली बसली.

"पाय दे," ती म्हणाली.

अभिमननं बहिणीकडे पाहिलं.

"माय, ऱ्हाऊ दे."

"दे म्हनस ना."

त्यानं पाय पुढं केला. तिनं पाय हातात घेतला, पहिल्यांदा असा धरला की जणू तो निसटेल, मग नीट. परातीत धुतला, आपल्या लुगड्याला पुसला, उजेडाकडे वळवला. बोटं होती तिथं बेचक्या उघडून पाहिल्या. बोटं नव्हती तिथं अंगठा फिरवला. टाचेजवळ तिचा हात थांबला. तिथं बाभळीचा काटा मोडला होता, मांसात पार आत, भोवती लाल झालं होतं. सकाळी तो खळ्यापर्यंत जाऊन आला होता.

तिनं पदराला टोचलेली सुई काढली, नखानं जागा दाबली आणि काटा वर आणला. म्हातारीला आता बारीक दिसत नव्हतं, म्हणून दिपमाला शेजारी बसली आणि तिनं पाय घट्ट धरला. काटा निघाला, मागोमाग थेंबभर रक्त आलं.

"दुखनं का?" प्रमिलाबाईनं विचारलं.

"नही, माय."

तिनं मान हलवली. थोडा वेळ तळव्यावर हात तसाच ठेवला. ते त्यालाही कळत नव्हतं, त्याला फक्त दिसत होतं. मग तिनं तो पाय खाली ठेवला आणि पदर सावरला.

"दुसरा दे," ती म्हणाली.